मामाने वाजवलेला मयतीचा सूर

काल नातीने मोबाईलवर स्कॉटलंडचा व्हिडिओ दाखवला. धुक्यातले बोडके डोंगर, आणि काखेत पिशवी दाबून बॅगपाईप वाजवणारा माणूस. "आजी, देख ना, यानं घागरा घातला!" म्हणून ती हसली. मला मात्र तो सूर ओळखीचा वाटला आणि मी तिला मोबाईल बंद करायला लावला.

माझा मामा फौजेच्या बँडमध्ये हाच बाजा वाजवायचा. माझ्या लग्नात मला सासरी बैहरला नेणारी जीप निघाली, तेव्हा बाया म्हणाल्या, "मामाजी, रडू येईन असं वाजवा ना." रडवणारं असं त्याला एकच गाणं येत होतं. पहिल्याच सुरांना मी ते ओळखलं. स्कॉटलंडचे लोक मयतीमागे चालताना हे वाजवतात, असं त्यानेच मला लहानपणी सांगितलं होतं.

लग्नात आपण मयतीचा सूर धरला, हे मामाच्याही ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला. पण हे गाणं अर्ध्यात सोडलं तर मरण घरात राहतं, असं तो मानायचा. म्हणून तो वाजवत जीपमागे चालत राहिला.

"मस्त वाजवते तुमचा मामा," शेजारी बसलेले नवरदेव, माझे मालक, म्हणाले.

मी खाली मान घालून "हौ" म्हटलं. वळणापर्यंत तो सूर सालाच्या झाडांतून आमच्यामागे येत राहिला.

तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात काहीतरी होईल. काही झालं नाही. लोक अशाने निश्चिंत होतात, माझी भीती मात्र वाढत गेली. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आज ते पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात गेले. आता उन्हं कलली आहेत, ते अजून परतले नाहीत.