सुवार्तामावशींची दिवेलागण

सुवार्तामावशी इंगळे आणि त्यांचे यजमान दाविद मास्तर, ही दोन नावं मी आधी लिहिते. काय झालं ते मग. झालेलं सांगायला बसले की माझा अजून गोंधळ होतो, पण हात कुणी दिला त्यात कधी गोंधळ होत नाही. माझी शाळा सहावीनंतर सुटली, लिहायची सवय नाही. तरी ज्यांनी मावशींना पाहिलं नाही त्यांना त्या थोड्या तरी दिसाव्यात, एवढ्यासाठी लिहायला घेतलं आहे.

आम्ही राजापूरकडची माणसं. आमचे हे प्रवासी मोटारगाडीवर ड्रायव्हर. लग्न झालं आणि पाठोपाठ बदली झाली ती थेट वाशीमला. समुद्र नाही, माड नाही, काळी भुई आणि डोक्यावर ऊन. स्टेशनच्या बाजूला कौलारू खोल्यांची एक ओळ होती, तिच्यात एक खोली मिळाली. शेजारच्या दोन खोल्यांत मावशी आणि मास्तर. मधली भिंत कौलांपर्यंत पोचलेलीच नव्हती. तिकडे भाकरी थापल्याचा आवाज इकडे यायचा, इकडचा माझा सुस्कारा तिकडे जायचा.

मला लहानपणापासून धास्तीची खोड. गाडीला उशीर झाला की मी दारात उभी. रस्त्यावर दिवा दिसला की छाती धडधडायची, दुसराच कुणी निघाला की मी पुन्हा पुढच्या दिव्याची वाट बघत. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी शेजारच्या दारातून आवाज आला, "काहून उभी हायेस माय? तू उभी राह्यल्यानं का गाडी लवकर येईन?"

मी म्हटलं, "उशीर झालाय ना हो."

"झाला असन. इकडं ये. ही तूर पाय, शेठजीनं खडे विकले आमाले, वरून चार दाने दाळ टाकली. तुह्या डोळ्याले दिसते, मले नाई दिसत."

उंच, काटक बाई. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात दोन काचेच्या बांगड्या. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांना सुवर्णाबाई म्हणत आणि त्याही ओ देत. मी सुपात तोंड घालून बसले. खडे निवडता निवडता धडधड कधी थांबली ते कळलं नाही. गाडी आली तेव्हा मावशीच म्हणाल्या, "जाय, आला तुहा मोटारवाला. उभी न राहताच आला ना?"

ते लोक ख्रिस्ती आहेत हे मला त्याच आठवड्यात कळलं, कारण भिंतीवरून गाणं आलं. मास्तर खंजिरी वाजवत आणि दोघं मिळून म्हणत. मास्तरांचा आवाज गोड, मावशींचा भसाडा. गाणं झालं की मास्तर त्यांच्या पवित्र शास्त्रातलं थोडं वाचत, मग मावशी प्रार्थना करत. प्रार्थना म्हणजे माझ्या मनात काहीतरी मोठं, संस्कृतसारखं होतं. या तर समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत. शेळी आटली आहे, मास्तरांचा खोकला जात नाही, धाकटी लेक सासरी कशी असेल. आणि एके दिवशी शेवटी मी ऐकलं, "शेजारचा वसंतराव गाडीवर हाये, देवा. त्याले सुखरूप आन. पोरगी घाबरते."

आमचं नाव कुणी परक्या घरात, परक्या देवापुढे घेतलं होतं. मी चुलीपाशी तशीच बसून राहिले. पुढे ते नाव रोज यायचं. हे ड्यूटीवर असले की "गाडीवर हाये", सुट्टीवर असले की "घरी हाये, बरं झालं." मला त्या ओळीची इतकी सवय झाली की ती ऐकल्याशिवाय मी ताट वाढत नसे.

पण मावशींची खरी रीत मला कळायला वेळ लागला. प्रार्थनेच्या आधी, सूर्य कलला की त्या अंगणात अस्वस्थपणे फिरायच्या. दिवसभरात कुणाशी वाजलं असेल, कुणाबद्दल मनात काही राहिलं असेल, तर ते दिवेलागणीच्या आधी त्या माणसाच्या तोंडावर जाऊन सांगून यायचं, मगच प्रार्थनेला बसायचं. त्यांच्या सासूबाईंनी घातलेली शिस्त होती ती. मास्तरांशी भांडण झालं असलं की दोघं अंगणात समोरासमोर उभे राहून हलक्या आवाजात आपापलं सांगत. मास्तर म्हणत, "सांजेची पेशी असते आमची. न्यायाधीश आमीच, वकील आमीच."

त्या तुरीच्या खड्यांचं असंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मावशी शेठजींना लबाड म्हणून आल्या होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "चाल संगं." शेठजी जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. आम्ही गेलो तर ते दुकानामागच्या पडवीत ताटावर बसलेले. मावशी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "शेठजी, सकाळी मी तुमाले लबाड म्हटलं. मनात अजून थोडं हायेच, पन चार लोकाईत म्हटलं थे चुकलं."

शेठजी घास हातात धरून म्हणाले, "बाई, तुमाले बी सूर्य मावळायच्या आतच सुचते का? मले जेऊ द्या. दाळ बदलून देतो उद्या."

"दाळीसाठी नाई आली मी."

"मालूम हाये. तरी बदलून देतो."

येताना मी हसू दाबत होते. मावशी म्हणाल्या, "हास. मलेही लाज वाटतेच ना. पन घरी नेलं असतं त थे माह्या संगं जेवलं असतं, माह्या संगं झोपलं असतं."

दुपारी मास्तर शाळेत आणि हे गाडीवर असत. मावशींचे डोळे अधू होत चालले होते, तेव्हा शास्त्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सहावीचं माझं वाचन, दगडाला ठेच लागावी तसं जोडाक्षराला लागायचं. त्या घाई करत नसत. थांबलो तिथे मोरपीस ठेवायचं. एकदा मला भीती वाटली, म्हणून विचारलं, "मावशी, हे वाचते म्हणजे मला तुमच्यात यावं लागेल का?"

"तुले कोन बोलावून राह्यलं?" त्या म्हणाल्या. "तू चाय पी."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला इतकं शांत कसं राहता येतं. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "शांती का मडक्यात भरून ठेवाची चीज हाये? भाकरीवानी हाये थे. रोज ताजी थापा लागते. कालची आज कडक होते." मला वाटलं, बोलायची पद्धत. त्यांचा स्वभावच थंड, देवाने दिलेला, आपल्याला दिला नाही, एवढंच मी मनाशी धरलं.

मग ते झालं. रिसोडहून परत येताना रिठदच्या पुढे यांनी एका बैलगाडीला ओलांडलं. बैल बुजले, यांनी गाडी उजवीकडे घेतली आणि समोरून धुरळ्यातून सायकल आली. सायकलवर दाविद मास्तर होते. रिठदला कुणी आजारी होतं, त्यांना भेटायला निघाले होते. गाडीचा पत्रा लागला आणि मास्तर सायकलसकट खाली नाल्यात गेले. यांनीच त्यांना उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. चालता येईल की नाही, डॉक्टर काही सांगेनात.

यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. हे भिंतीकडे तोंड करून बसत. पोलिसांची भीती नव्हती, नोकरीचीही तेवढी नव्हती. एकदाच बोलले, "ज्या घरात माझं नाव घेतात, त्याच घरावर मी गाडी घातली."

मावशी दिवसभर दवाखान्यात असत. संध्याकाळी घरी येऊन डबा करत आणि परत जात. मी जाता-येता बोलायला बघायची. त्या थांबत, "बरे हायेत" एवढंच म्हणत आणि कुलूप काढत. आमच्या दाराकडे बघत नसत. सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीवरून काहीच येत नव्हतं. गाणं नाही, ते समजू शकते. पण प्रार्थनाही नाही. पातेल्याचा आवाज, चुलीचा आवाज, मग कुलूप. मी ताट वाढायची आणि दोघंही तसेच बसून राहायचो. मला कळून चुकलं होतं की त्या घराचं दार आम्हाला आता मिटलं, आणि ते मिटलं तर या मुलखात माझं कुणी उरलं नाही. वडिलांना येऊन घेऊन जा म्हणून कळवावं, इथपर्यंत मी आले होते.

एका संध्याकाळी ऊन अजून अंगणातल्या निंबावर होतं. दारात सावली पडली. मावशी. हात पिठाचे, पदर खोचलेला. आत आल्या नाहीत. हे उठून उभे राहिले.

"वसंतराव," त्या म्हणाल्या, "मले तुमचा राग आला हाये. लय आला हाये. तुमाले वाटत असन, बाई देवाची हाये, तिले कायचा राग? येते. त्याईच्या उशाशी बसते तवा वाटते, या मानसाचं तोंड पाहू नये."

मावशींनी चौकटीला हात टेकला.

"रोज म्हनते, आज सांगून येते. उंबऱ्यापर्यंत येते, पाय उचलत नाई. आज मास्तरच म्हनले, माहं हाड मोडलं, तुहं काय मोडलं, तू काहून प्रार्थना करून नाई राह्यली? म्हटलं, तोंड उघडलं का पुढं त्याचं नाव येते, आन् तिथंच अडते."

"मावशी, चूक माझीच आहे," हे म्हणाले. "पुढे काढायची घाई केली मी."

मला वाटलं आता त्या म्हणतील, जाऊ द्या, होणारं होतं. त्या म्हणाल्या, "हाये चूक. नाई कोन म्हनून राह्यलं?"

आणि त्यांनी निंबाकडे पाहिलं. निंबावरचं ऊन शेंड्याला गेलं होतं. मग म्हणाल्या, "सांगून झालं माहं. चला आता, दिवा लावाचा हाये."

"मी?" हे म्हणाले.

"तुमी नाई त कोन? भिंतीच्या अलीकडून ऐकत राह्यता, मले काय मालूम नाई? इकडं येऊन बसा. पोरी, तूही चाल."

आम्ही पहिल्यांदाच त्या वेळेला त्या घरात बसलो. कंदील लागला. खंजिरी खुंटीवर होती. मावशी एकट्याच गायल्या, त्यांच्या त्या भसाड्या आवाजात, मधेच चाल सुटली तर तशीच पुढे ओढली. मग डोळे मिटून बोलू लागल्या. मास्तरांचं हाड, दवाखान्यातल्या सिस्टर, लेक, शेळी. आणि नेहमीच्या जागी येऊन थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मी डोळे उघडून पाहिलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कपाळावर घाम होता. एवढं जड काम करताना मी माणसाला शेतातही पाहिलं नव्हतं.

मग आवाज आला. "वसंतराव गाडीवर नाई, देवा. इथंच बसला हाये. त्याले झोप दे. आन् मलेही दे."

यांनी जमिनीला डोकं टेकलं आणि हे लहान मुलासारखे रडले. मावशींनी त्यांना उठवलं नाही, समजावलंही नाही. रडणं संपेपर्यंत बसल्या, मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "भाकरी हाये दोन जास्तीच्या. खाऊन घ्या. डबा तुमीच नेऊन द्या आज. मास्तर इचारतात, आपला ड्रायव्हर कुठं हाये म्हनून."

त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. भरलेली कळशी डोक्यावरून उतरवल्यावर बाईची मान मोकळी होते, तसा दिसत होता. तेव्हा मला भाकरीचं बोलणं कळलं. ती शांती त्यांना कुणी आयती दिलेली नव्हती. रोज पीठ मळायचं, रोज विस्तवाशी बसायचं, हात भाजायचे, तेव्हा ती हातात येत होती. मी आजवर देवळं पाहिली आहेत, पोहरादेवीला रामनवमीच्या जत्रेची गर्दी पाहिली आहे, पण त्या खोलीत, पिठाच्या हातांची एक बाई एका नावाशी अडून राहिली आणि मग पुढे गेली, त्याच्यापुढे माझे हात जसे आपोआप जुळले तसे पुन्हा कुठेच जुळले नाहीत.

मास्तर काठी घेऊन चालू लागले. पाय लहान झाला तो झालाच. चौकशी संपून यांना पुन्हा गाडी मिळाली तेव्हा नेमकी रिसोडची मिळाली. हे न जेवताच निघाले. गाडी सुटायच्या वेळी मी सोडायला गेले तर ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर मावशी पिशवी घेऊन बसलेल्या.

"कुठे निघालात मावशी?"

"रिठदले काम हाये."

काम काही नव्हतं. रिठदला उतरल्या, पारावर बसून राहिल्या आणि परतीच्या त्याच गाडीने, त्याच बाकावरून आल्या. यांनी मला नंतर सांगितलं, "नाल्याजवळ आलो तसा माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागून आवाज आला, हळू घ्या, मले घाई नाई."

आता आमची बदली कोकणाच्या अलीकडच्या एका डेपोला झाली आहे. इथूनही राजापूर लांबच आहे. उशीर झाला तर मी अजून दारापर्यंत जाते, खोटं कशाला लिहू, पण परत येऊन काहीतरी निवडायला बसते. दिवेलागणीला आमच्या देवापुढे निरांजन लावण्याआधी मनात कुणाबद्दल काही आहे का ते बघते. असलं तर चपला घालते.

निघताना मावशींच्या डोळ्यांपुढे नुसता धूर उरला होता. त्यांना विचारलं, आता वाचून कोण दाखवणार. म्हणाल्या, "मोरपीस हाये ना तिथंच. कोनी हलवू नोका म्हनते मी." मास्तर रोज वाचतात, पण दुसरीकडून. ते पान त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

मावशी, तुमचं काही फेडता येईल असं मी समजत नाही. पण येणार आहे. यांना सुट्टी मिळाली की दोघं येऊ, आणि मी तुमच्या उंबऱ्यात बसून त्या मोरपिसापासून पुढे वाचायला घेईन, सगळं संपेपर्यंत. आता मी जोडाक्षरांना अडत नाही. अडले, तर थांबेन आणि पुढे जाईन, तुमच्यासारखी.