जर्मनमधलं ‘गिफ्ट’

“ते सगळं राहू द्या. हे गिफ्ट आहे की नाही?” गावच्या सभेत पुढच्या रांगेतल्या आजींनी थेट विचारलं. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष.

दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट, डार्मश्टाटजवळच्या एका खेड्यातली. आमच्या लॅबच्या मक्याच्या ट्रायलवरून गाव बिथरलं होतं. मातीत एक बॅक्टेरिया असतो. त्याचं प्रोटीन पोटात गेलं की खोडकिडीच्या अळीच्या आतड्याला भोकं पडतात आणि ती मरते. माणसाला ते पचून जातं. त्याचा जीन आम्ही मक्यात घातला होता. शास्त्रात या प्रोटीनला टॉक्सिन म्हणतात, आणि डिक्शनरीत टॉक्सिन म्हणजे गिफ्टच.

मी मनात म्हटलं, बॉस, आता जरा गोडीगुलाबीनं घ्या. पण आमचे डॉक्टर हार्टमान! मोघम बोलणं त्यांना मेलं तरी जमायचं नाही.

“या,” ते म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’. “अळीसाठी. गेनाऊ, अगदी बरोबर.”

झालं! पुढचं कोण ऐकतंय? खुर्च्या सरकल्या, लोक उठले. हार्टमान बिचारे अळीचं आतडं समजावत राहिले.

भोगलं ते शेतकरी वेर्नर ब्रांटनी. ट्रायलचं शेत त्यांचं होतं. बायको गेल्यावर शेजारच्या दोघांबरोबर स्काट खेळणं, एवढाच त्यांचा विरंगुळा. स्काट हा तिघांचा पत्त्यांचा डाव. सभेनंतर आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

“मका काढा. मला पत्ते खेळायला बोलावत नाहीत.”

“अहो, पण त्या आजी स्वतःच्या कोबीवर हाच बॅक्टेरिया फवारतात!” हार्टमान ओरडले. “ऑरगॅनिक म्हणून!”

“असेल. पण मला इथेच राहायचंय.”

मक्याला नुकते तुरे आले होते. मशीननं कापून सगळा मातीत गाडला. मला रडू आवरलं नाही. हार्टमान पाठ फिरवून उभे होते.

संध्याकाळी ब्रांट धुतलेला शर्ट घालून आम्हाला गावातल्या पबमध्ये घेऊन गेले. “आता होईल सगळं ठीक,” म्हणाले. आत ते दोघे दोस्त खेळत होते. समोर तिसरा कोणी नवीनच.

“मका काढला रे,” ब्रांट म्हणाले.

“बरं केलंस.” एकानं मान वर केली. आवाजात राग नव्हता. “पण आम्ही तिघं झालोय, वेर्नर.”

“हो, हो,” म्हणत ब्रांट आमच्या टेबलाशी येऊन बसले. बिअरला त्यांनी हातही लावला नाही.

लॅबमधल्या नव्या पोरांना मी आता एवढंच सांगते: खरं बोला, पण सुरुवात ‘हो’नं करू नका. आपण गाडी काढून घरी येतो. शेत देणारा तिथेच राहतो.