सोमवारची मासेवाली

आमच्या दारावर मासे घेऊन येणारी ती बाई कधी हसत नाही. बांगड्यांचा भाव एकदाच सांगते. घासाघीस केली की "होये तर घे, नायतर ऱ्हवांदे," म्हणत टोपली उचलते.

सोमवारी आमच्याकडे मासे कोणी घेत नाही. अशाच एका सोमवारी मी डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यातल्या बागेत गेले, तर अबोलीचा वळेसर माळून ही जुन्या तोफेपाशी उभी!

"गो बाय, तू हंय? चल, तुका दाखवतंय!"

माझा हात धरून तिने पडका बुरूज, पाण्याचं टाकं, सगळं धावतपळत दाखवलं आणि मला टोकावर नेलं. खाली अख्खा समुद्र पसरला होता.

"ती निळी होडी बघ. माझो घोव दुखण्यातसून उठान आजच परत दर्यात गेलो!"

ती कठड्यावर चढली आणि पदर हलवत हाका मारू लागली. लोक वळून बघू लागले.

"अगं, एवढ्या लांबून तुझ्या नवऱ्याला काय दिसणार?"

"तेका मी नाय दिसलंय तरी चलात. माका तो दिसता मां!"

मग मीही ओढणी काढली आणि तिच्या शेजारी उभी राहून जोरजोरात हलवायला लागले.