झऱ्याला लोखंड लागलं तो मंगळवार

गुणाबाईच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कणकुंबीच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की बावीस घरं लागतात, एवढं पुरे. नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्या उभ्या राहतात, आणि सध्या त्या गावाला पाहुणा परवडत नाही.

गुणाबाई पंचावन्नच्या आसपासची. लग्न होऊन निपाणीला गेली, तिथं पंधरा वर्षं विड्या वळल्या, नवरा गेल्यावर माहेरी परत आली. विड्या सुटल्या, बोटांची सवय सुटली नाही. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहतात. राग आला की जास्त जोरात फिरतात. आवाज मात्र चढत नाही, त्यामुळं ती रागावलीय हे शहरातल्या माणसाला कळायला वेळ लागतो.

साईराजला तीन वर्षं लागली.

साईराज बेळगावचा, तिशीतला. त्याचा धंदा ‘जबाबदार प्रवास’ या नावाचा. बाकीच्यांच्या प्रवासाला काय म्हणायचं हे त्यानं सांगितलेलं नाही. तो माणसं आणायचा, गुणाबाई त्यांना नाचण्याची भाकरी आणि कुळथाचं कळण वाढायची, मग ती सगळी वर झऱ्यावर जायची. पहिल्याच दिवशी तिनं तीन अटी घातल्या. एका वेळी बाराच माणसं. झऱ्याला लोखंड लावायचं नाही. आणि यात्रेआधीचे पाच मंगळवार कुणी यायचं नाही. साईराजनं मान डोलावली आणि त्या तिन्ही आपल्या वेबसाइटवर ‘स्थानिक श्रद्धांचा आदर’ या मथळ्याखाली टाकल्या. गुणाबाईच्या मते त्या श्रद्धा नव्हत्या, अटी होत्या.

ते पाच मंगळवार गाव वार पाळतं. नांगर, कोयता हलत नाही. गावाच्या वरच्या अंगाला शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याच्या पल्याड त्या दिवशी कुणी पाऊल टाकत नाही. पल्याड जंगल, आणि जंगलात तो झरा. बावीस घरांचं पिण्याचं पाणी तेवढंच. सोमवारी घागरी भरून ठेवायच्या आणि मंगळवारी झऱ्याला एकटं सोडायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर हे शहाणपण कुणाला सुचलं हे गावाला माहीत नाही. पुरस्कारासाठी अर्जही कुणी केलेला नव्हता.

अर्ज साईराजनं केला. आणि तिसऱ्या मंगळवारी सकाळी आठ वाजता तीन गाड्या आल्या. चाळीस माणसं उतरली. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर ‘पाऊलखुणाही मागे सोडू नका’. पायांत भक्कम बूट, हातांत कुदळी आणि पहारी.

गुणाबाई अंगणात उभी होती.

“आक्का, आजचा दिवस जरा सांभाळून घ्या,” साईराज म्हणाला. “पुरस्काराच्या परीक्षक मॅडम आल्यात पुण्याहनं. पुढल्या आठवड्यात त्या केरळात असणार.”

“मग केरळातला झरा दाखव की त्यास्नी.”

“आम्ही मजा करायला न्हाय आलो, आक्का. झऱ्याची सफाई करायला आलोय.”

“घाण कुणी केली?”

“कुणी न्हाय. पण शेवाळ हाय, पालापाचोळा कुजलाय...”

“कुजलाय म्हणून तर पाणी हाय रं.”

परीक्षक प्रियदर्शनी मॅडम पुढं आल्या, हात जोडले. “मावशी, तुमच्या परंपरेचा आम्हाला फार आदर आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. फोटोत स्थानिक महिला हवी.”

“न्हाय,” गुणाबाई म्हणाली. अंगठा तर्जनीवर फिरायला लागला होता.

शहरात ‘नाही’ या शब्दाला बरंच पुढं-मागं असतं. साईराजनं ते ‘मी येणार नाही, तुम्ही जा’ असं धरलं आणि चाळीस माणसं दगड ओलांडून वर गेली. एक मुलगी जाताना दगडाच्या पाया पडली. आदर म्हणतात तो हाच असावा.

गाव दगडापाशी गोळा झालं. आणि थांबलं. वार पाळणाऱ्या माणसाला वार मोडणाऱ्याच्या मागं जाता येत नाही, ही त्या नियमातली फट आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण मोडणाराच कुणी नव्हता. देवाचं बघणारा म्हातारा भावकू आप्पा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “येतील, आत्ता येतील माघारी. शिकलेली माणसं हायत.”

मग वरनं आवाज आला. लोखंड दगडावर आपटल्याचा. खण्, आणि थोड्या वेळानं पुन्हा खण्.

गुणाबाईनं पायातल्या चपला काढल्या. एक पाऊल उचललं.

“गुणा,” भावकू आप्पा म्हणाला, “वार मोडशील.”

तिनं पाऊल खाली ठेवलं. अलीकडंच.

दुपारी मंडळी खाली आली, घामेघूम आणि प्रसन्न. अकरा पोती कचरा काढला असं साईराजच्या अहवालात आहे. ती पोती मी पाहिलीत. त्यांत शेवाळ होतं, पानं होती, मुळं होती, आणि माडाचं खोड कोरून केलेली, ज्यातनं पाणी घागरीत पडायचं ती पन्हळ होती. प्लास्टिक म्हणाल तर त्यांच्याच खाऊचे कागद. झऱ्याचं तोंड मोठं करायचं म्हणून त्यांनी खालचा जांभा दगड फोडला होता, आणि पन्हळीच्या जागी निळा पाइप बसवला होता.

बुधवारी बायका घागरी घेऊन वर गेल्या. पाइपातनं गढूळ पाणी आलं. शुक्रवारी धार करंगळीएवढी झाली. पुढच्या सोमवारी पाइप कोरडा होता. पाणी फोडलेल्या जांभ्यातनं कुठं खाली उतरलं, ते जंगलाला ठाऊक.

आता बायका दीड मैल खाली ओढ्याला जातात. गुणाबाईला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. “मीच आणलंतं त्याला. जेवू घातलं. आन् त्या दिवशी दगड धरून हुबी ऱ्हायले. वार पाळला मी, पाणी गेलं.”

त्याच आठवड्यात ती भावकू आप्पाकडं गेली. “आप्पा, दगड खाली न्यायचा.”

“देवाचा हाय त्यो. कौल लावाय लागंल.”

“लावा.”

आप्पानं देवाला फूल लावलं. फूल पडेना. गुणाबाई समोर बसून राहिली, बोटं फिरवत. तासाभरानं फूल पडलं. कौल देवानं दिला की कंटाळून सोडला, हे मी आप्पाला विचारलं. “तिच्याफुडं बसून बघा तुमी,” आप्पा म्हणाला.

दगड बावीस घरांनी मिळून उचलला आणि डांबरी रस्त्याच्या फाट्यावर आणून बसवला.

महिन्याभरानं साईराज आला. गाडीत शाल होती, आणि ‘जलस्रोत संवर्धन’ असं कोरलेलं सन्मानचिन्ह. फाट्यावर दगड बघून त्यानं ब्रेक दाबला. दगडाच्या आतल्या बाजूला बायका उभ्या होत्या, ओढ्यावरनं आलेल्या, भरल्या घागरी डोक्यावर. कुणाच्या हातात काठी नव्हती.

“आक्का, हे तुमचंच हाय,” त्यानं सन्मानचिन्ह पुढं केलं. “तुमच्यामुळंच मिळालं.”

“व्हय, माझ्यामुळंच,” गुणाबाई म्हणाली. “ठेव तिथंच. पल्याड.”

“आज मंगळवार न्हाय, आक्का.”

“हाय.”

“आज गुरुवार...”

“वार गाव ठरवतंय रं. तुमी न्हाय.”

साईराजनं बायकांकडं बघितलं, घागरींकडं बघितलं. “झऱ्याला पाणी न्हाय?” त्यानं विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिला काहीतरी विचारलं होतं. उत्तर घागरींतनं ठिबकत होतं.

“मग... कधीपातूर हे मंगळवार?”

“पाणी येस्तवर.”

दगड काही गाडी अडवण्याएवढा मोठा नाही. साईराजनं गाडी मागं घेतली. सन्मानचिन्ह अजून फाट्यावर, दगडाच्या पल्याड पडून आहे. वेबसाइटवरनं गावाचं नाव मात्र त्यानं काढून टाकलंय. त्याच्या धंद्यातलं मला ठाऊक असलेलं जबाबदारीचं काम एवढंच.