एकमेकींशी न बोलण्याची अट

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात एक तरुण डॉक्टर सौंसरला माझ्या घरी आली. मोठ्या शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात ती शिकवायची आणि संशोधनही करायची. बोलणं अगदी पुस्तकी मराठी. बसल्या बसल्या तिने विचारलं, "मध्यप्रदेशात मराठी शाळा होत्या?" मी म्हटलं, होत्या, आणि त्यातल्या एकीत मी निवृत्त होईपर्यंत मराठीच शिकवत होते. तिने ते लगेच लिहून घेतलं. आपण अस्तित्वात आहोत हे कुणीतरी टिपून घेतल्याचा मलाही जरा आनंद झाला.

तिचं काम असं होतं. घरात माणूस अंथरुणाला खिळलं की त्याचं करणाऱ्या बाईवर, कधी पुरुषावर, काय ताण येतो ते मोजायचं. आणि त्यावरून मेडिकलच्या पोरांना शिकवायचं, की पेशंटला तपासता तसं त्याच्या घरच्यांनाही दोन शब्द विचारावे. मोजायला एक प्रश्नावली होती, मूळ इंग्रजीत. तिचं मराठी झालेलं होतं, पण आमच्याकडे ते चाललं नाही. "आपणांस परिचर्येचा भार जाणवतो का?" असं तिने एका बाईला विचारलं, तर बाई म्हणाली, "भार कायचा? सिलिंडर तर पोरगाच उचलते." म्हणून तिला इकडच्या बोलीतलं मराठी हवं होतं. तिच्या हॉस्पिटलातल्या एका नर्सने माझं नाव सुचवलं होतं. ती नर्स माझी जुनी विद्यार्थिनी.

डॉक्टरने पद्धत समजावून सांगितली. इंग्रजीचं मराठी मी करायचं. मग दुसऱ्या एका बाईंनी, मूळ इंग्रजी न पाहता, माझ्या मराठीचं परत इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रजी जुळल्या की मराठी बरोबर आहे असं धरायचं.

"फक्त एक अट आहे," ती संकोचून म्हणाली. "काम संपेपर्यंत तुम्ही दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. फोनवरसुद्धा नाही."

"दुसऱ्या कोण आहेत?"

तिने नाव सांगितलं. पांढुर्ण्याच्या निवृत्त इंग्रजीच्या मॅडम. नर्सने तेही नाव सुचवलं होतं, कारण तिच्या शाळेच्या दिवसांत आम्ही दोघी एका डब्यातून जेवत असू.

"तुमची ओळख आहे का त्यांच्याशी? न बोलणं अवघड जाईल?"

"नाही," मी म्हटलं. "त्याची आम्हाला सवय आहे."

डॉक्टरला यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिचं काम सोपं झालं होतं.

माझे यजमान बिजलीच्या ऑफिसात होते. त्यांना लकवा मारला आणि दोनेक वर्षं ते पलंगावर होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांना फक्त 'हो' म्हणता यायचं आणि नाही म्हणायचं असलं तरी ते 'हो'च म्हणायचे. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, रात्री उठून बघणं हे सगळं मी केलं. त्याबद्दल लोक माझं कौतुक करायचे आणि कौतुक करून आपापल्या घरी जायचे. ही इंग्रजी शिकवणारी मैत्रीण तेवढी थांबायची. शाळा सुटली की येऊन त्यांच्याजवळ बसायची, तेव्हा मी आंघोळ करायची.

मग ते गेले. तेरवीच्या दिवशी स्वयंपाकघरात दहा बायांसमोर ती मला म्हणाली, "सुटले बिचारे. अन् खरं सांगू का, तूही सुटली."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाठ फिरवली. ती निवृत्त होऊन मुलाकडे पांढुर्ण्याला गेली, तेव्हाही मी भेटायला गेले नाही. पुढे सरकारने पांढुर्ण्याचा जिल्हा केला आणि सौंसर त्यात टाकलं. म्हणजे बोलणं बंद असलेली मैत्रीण जिल्ह्याच्या गावची झाली आणि प्रत्येक सरकारी कागदासाठी मला तिच्या गावाला जाणं आलं. बसस्टँडवर उतरले की मी पदर डोक्यावरून ओढून घ्यायची.

कामाला मी मोठ्या उत्साहाने बसले. प्रश्न सोपे होते, म्हणजे इंग्रजीत सोपे होते. तुम्हाला उदास वाटतं का, हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. उदास हा शब्द आमच्या बायांच्या लेखी रेडिओवरचा. मी लिहिलं, 'करमत नाही असं होते का?' थकवा येतो का, याचं केलं, 'अंग गळून जाते का?' तुमचं स्वतःचं आयुष्य उरलं नाही असं वाटतं का, यावर मी एक पूर्ण दुपार घालवली. शेवटी लिहिलं, 'आपल्या मनचं काहीच करता येत नाही असं वाटते का?' मला माझंच कौतुक वाटलं.

मग शेवटाकडचा एक प्रश्न आला. इंग्रजीत विचारलं होतं, हे सगळं आता संपावं असं तुम्हाला कधी वाटतं का?

मी चहा केला. झाडांना पाणी घातलं. परत येऊन लिहिलं, 'हे सगळं लवकर नीट व्हावं असं वाटते का?' आणि स्वतःला सांगितलं की आपल्या संस्कृतीत हेच बरोबर. संस्कृती फार उपयोगी असते. जे लिहायचं नसतं ते सगळं तिच्या नावावर टाकता येतं.

काही दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. आवाज गोंधळलेला. "मॅडम, उलट भाषांतर आलंय. 'करमत नाही'चं त्यांनी इंग्रजीत 'कंटाळा येतो' केलंय. आणि तो शेवटाकडचा प्रश्न असा आलाय की पेशंट लवकर बरा व्हावा अशी तुमची इच्छा आहे का. आता याला नाही कोण म्हणेल? आपल्याला बैठक घ्यावी लागेल. दोघींनी समोरासमोर बसून एकमत करायचं, अशीच पद्धत आहे."

"बोलायचं नाही म्हणालात ना?"

"ते आधी. आता बोलायचं."

इतकी वर्षं नातेवाइकांनी जे जमवलं नाही, ते संशोधनाच्या पद्धतीने एका फोनमध्ये ठरवून टाकलं.

बैठक पांढुर्ण्याला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत झाली. डॉक्टर, आकडेमोड करणारे एक सर, ती आणि मी. ती बारीक झाली होती, गुडघ्याला पट्टा बांधला होता. आम्ही दोघींनी डॉक्टरकडे बघून नमस्कार केला.

पहिला तासभर आम्ही डॉक्टरमार्फत बोललो.

"त्यांना सांगा, 'करमत नाही' म्हणजे कंटाळा नाही. इंग्रजी शिकवता शिकवता मराठी विसरल्या असतील."

"यांना सांगा, इंग्रजीत करमत नाहीला शब्दच नाही. मी काय करू? इंग्रजांना करमत होतं म्हणून तर ते इतके वर्ष राहिले."

सर हसले आणि डॉक्टरने ते नोंदवावं की नाही या विचारात पेन वर धरलं. मग तो प्रश्न आला. मैत्रीण म्हणाली, "मला मूळ इंग्रजी पाहू द्या." डॉक्टरने कागद पुढे केला. तिने चष्मा पुसला, वाचलं, माझं मराठी वाचलं, पुन्हा इंग्रजी वाचलं. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर माझी चोरी उघडी करणार. शाळेत ती उत्तरपत्रिका अशीच तपासायची, आणि तिच्या हातून कोणी सुटत नसे.

ती डॉक्टरला म्हणाली, "यांची चूक नाही. हा प्रश्न असा सरळ विचारता येत नाही. मी एकदा एका बाईला हे तोंडावर म्हटलं होतं. अजून तिचं उत्तर आलं नाही."

आकडेवाल्या सरांनी विचारलं, "म्हणजे नमुन्यातून गळाल्या का त्या?"

"हो," मैत्रीण म्हणाली. "गळाल्या."

मला एकदम राग आला आणि मी पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं. "दहा जणींसमोर म्हटलं तू! पातेलं घासता घासता! असं म्हणतात का वं कोणाला?"

"मंग काय चिठ्ठी लिहू? दोन वर्षं पाहून राहिली होती मी तुले. हाडं निघाली होती तुयी. मले त्यायच्याइतकीच तुयी काळजी होती."

"खोटं होतं असं मी म्हटलं का कधी? खोटं होतं म्हणून राग नाही आला मले!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग मीच त्याच्याकडे बघत राहिले. तीही. डॉक्टरने हळूच विचारलं, "आपण अजून तोच प्रश्न चर्चेत घेतोय ना?"

"तोच घेऊन राहिलो," आम्ही दोघी म्हणालो.

पुढे आम्ही खूप वेळ भांडलो, पण शब्दांवरून. मी म्हटलं, 'वाटते का' नको, वाटणं म्हणजे ठरवून वाटल्यासारखं होतं. ती म्हणाली, मग 'मनात येऊन जाते का' लिही. येते आणि जाते, बाईनं बोलावलं नाही त्याला. मला ते इतकं पटलं की मी लगेच लिहून घेतलं, आणि ती म्हणाली, "पाहा, मराठी मीच शिकवायला पाह्यजे होतं." शेवटी ठरलं: 'आता हे संपलं तर बरं, असं कधी मनात येऊन जाते का?' डॉक्टर खूश झाली. तिने लिहिलं, पूर्ण एकमत. सरांनी समोसे मागवले. मैत्रीण समोसा खाताना नेहमीसारखं वरचं टोक मोडून बाजूला ठेवत होती आणि नेहमीसारखं मी ते उचलून खाल्लं.

प्रश्नावली आधी थोड्या लोकांवर वापरून बघायची होती. डॉक्टर आम्हाला मोहगावला घेऊन गेली. तिथे एक सून आपल्या सासूचं करत होती. सासूची कंबर मोडलेली, खाट ओसरीतच. सून कपाशीच्या कामावरून नुकतीच आलेली. मी प्रश्न वाचत गेले आणि सून न ऐकताच उत्तरं देत गेली. करमत नाही असं होते का? "नाही जी." अंग गळून जाते का? "नाही." मनचं करता येत नाही असं? "असं कसं म्हणता बाई, घरचंच माणूस हाय." आम्ही इतक्या मेहनतीने घडवलेले शब्द ती माश्या हाकलाव्या तसे हाकलत होती.

मग मी तो प्रश्न वाचला. सून खाटेकडे न बघता म्हणाली, "कधीच नाही."

खाटेवरून आवाज आला, "हाव म्हण ना वं. मले तर रोज वाटते."

सुनेने पदर तोंडाला लावला. आधी वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. म्हातारीही हसायला लागली, हसता हसता कंबर दुखली म्हणून ओरडली, सून धावली आणि तिच्या पाठीखाली उशी सारली. "गप पडा आता," ती म्हणाली, "शिकलेल्या बाया आल्या अन् काहीही बोलून राहिले तुम्ही."

मी डॉक्टरला विचारलं, हे उत्तर कुठे लिहायचं? ती बराच वेळ फॉर्म चाळत राहिली. उत्तर सांभाळणाऱ्याचंच धरायचं असतं, ती म्हणाली. पेशंटसाठी रकाना नाही. मी 'कधीच नाही'वर खूण केली.

वर्षभराने त्या नर्सने मोबाईलवर तो छापून आलेला पेपर दाखवला. आमच्या बोलीतली प्रश्नावली विश्वासार्ह ठरली होती आणि मेडिकलच्या पोरांच्या अभ्यासात ती आता वापरतात. फक्त एक प्रश्न शेवटी वगळला होता. जवळजवळ सगळ्यांनी त्याला 'कधीच नाही' म्हटलं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच असलं की त्या प्रश्नातून काही मोजता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी पांढुर्ण्याला फोन केला.

"आपलं तेवढंच एक चांगलं वाक्य होतं," मी म्हटलं.

"माझं," ती म्हणाली. "जाऊ दे. खोटं सगळ्यायनं सारखंच सांगितलं म्हणजे प्रश्न बरोबर लागला होता."

त्या उन्हाळ्यात मोहगावची म्हातारी गेली. आम्हाला उशिरा कळलं. मैत्रीण पांढुर्ण्याहून बसने सौंसरला आली आणि मग आम्ही दोघी मोहगावला गेलो. सून ओसरीत बसून तूर निवडत होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती. वाटेत आम्ही काय बोलायचं ते ठरवलं होतं, मीच दोन वाक्यं जुळवली होती, पण तिथे पोचल्यावर ती दोन्ही तशीच राहिली. मैत्रीण गुडघा सांभाळत खाली बसली आणि सुपातली तूर आपल्याकडे ओढून निवडायला लागली. मीही बसले.

थोड्या वेळाने सून म्हणाली, "मधातच उठून बसतो मी रात्री. त्यायले कुशीवर वळवाची वेळ झाली असं वाटते."

"आमचे हे गेल्यावर मीही वर्षभर उठत होते," मी म्हटलं.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं, त्या दिवशी प्रश्न विचारणारी बाई म्हणून जसं बघितलं होतं तसं नाही. मग आत जाऊन तिने चहा ठेवला. आम्ही तूर पूर्ण निवडून दिली आणि शेवटच्या बसआधी निघालो.