डाव्या पायाचा बूट

आमच्या गावचा ओडवार दाराच्या चौकटीएवढा माणूस, पण बोलणं विचाराल तर मांजराएवढं. पाणबुड्या होता तो. पाठीवर हवेची टाकी बांधायची नि समुद्रात सॅमन मासे पाळतात त्या जाळ्यांत उतरून मेलेले मासे वेचायचे, हे त्याचं पोट. सुट्टी मिळाली की मात्र गडी निघायचा खाडीच्या तोंडाशी, बुडालेल्या आगबोटीकडे.

का, ते ऐक. त्याचा बाप हालगेर त्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. लढाईचे दिवस, शत्रूला वाट दिसू नये म्हणून दीपगृहं मालवलेली, वर बर्फाचं वादळ. बोट खडकावर आपटली नि गेली तळाला. ओडवार तेव्हा आईच्या पोटात. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, हालगेरचं लागलं नाही. मग काय, गावाच्या जिभेला हाड असतंय होय? "मेलाबिला नाही तो! आधीच्या बंदरातच उतरला असेल, कुणा बाईचा हात धरून."

नाताळच्या रात्री आपण टेबल आवरत नाही, घरातले मेलेले जेवायला येतात म्हणून. ओडवारची आई बोरघिल्ड आपल्या आईबापाची ताटं मांडायची. नवऱ्याचं कधीच नाही. शाळेत पोरं चिडवायची, "तुझ्या बापाचं ताट दुसरीच्या घरी!" ते काळजात रुतलं बघ. बाप बोटीतच गेला हे एकदा बघायचं नि आईला त्याचं ताट मांडायला लावायचं, एवढाच ध्यास.

पाणी असं गार, की हातमोज्यात बोटं आहेत का नाहीत कळू नये. खाली गाळ, काळोख, कोसळलेले पत्रे. वर्षानुवर्षं चाचपडला बिचारा. आणि एका डिसेंबरात विजेरीच्या उजेडात भट्टीमागे बूट दिसला. डाव्या पायाचा, जाड तळाचा. हालगेरचा डावा पाय आखूड होता ना! एकच तसली जोडी. तिच्याविना त्याला अंगण ओलांडता यायचं नाही, बाई घेऊन पळतोय कुठला?

बुडाल्या बोटीतलं काही वर आणायचं नाही, थडगं आहे ते. ओडवारनं बुटावर हात ठेवला नि रिकाम्या हातानं वर आला.

आई बटाटे सोलत होती.

"आई, बाबा सापडले."

सुरी थांबली. "कुठं?"

"भट्टीमागं. त्यांचा बूट आहे."

"डावा?"

"डावाच. आता बोलू दे गावाला! यंदा ताट मांड त्यांचं."

तिनं बटाटा पाण्यात टाकला. "गावाला भिऊन नव्हते मांडत होय? अरे खुळ्या, ताट नव्हतं तोवर तो होता कुठंतरी. असेना का कुणा सटवीकडं. बर्फ पडलं की मी म्हणायची, पायमोजे तरी घातलेत का या माणसानं."

ओडवारनं टोपी काढून हातात घेतली.

"चाळीस वर्षं मी त्याला बुडू दिला नव्हता," ती म्हणाली. "आज तू बुडवलास."

नाताळच्या रात्री तिनं ताट मांडलं. बोकडाच्या सुकवल्या बरगड्या, बटाटे, आणि खुर्चीवर लोकरीच्या पायमोज्यांचा जोड. मग ताटाकडं न बघता निजायला गेली.

ओडवारनं त्या बोटीकडं परत तोंड केलं नाही. जाळ्यांतले मेलेले मासे तेवढे वेचत राहिला.