दुधाच्या पिशवीचा कोपरा

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कंपनीतून शिफ्ट संपवून आलो की मी खड्ड्याशी खत चाळायला बसतो. चहाचा चोथा, केळ्याची सालं, मेथीचे देठ, सगळ्याची काळी माती होते. माती होत नाही ती फक्त दुधाच्या पिशव्यांच्या कोपऱ्यांची. सकाळी पिशवी कापायची आणि तो नखाएवढा तुकडा भाजीच्या सालांत भिरकावायचा, ही घरोघरची सवय. मीटिंगमध्ये घसा फोडून सांगितलं, कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लोंबकळू द्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" सगळे हसले.

काल त्याच वहिनी तुळशीसाठी खत मागायला आल्या. मी मुद्दाम न चाळलेलं घमेलं पुढे केलं. त्यांनी एक निळा कोपरा दोन बोटांत उचलला आणि नाक मुरडलं. "शी! लोकांना अक्कलच नाही हो. तुळशीत घालायचंय, चाळून द्या ना."

मी चाळून दिलं. जाता जाता त्यांनी हातातला तो कोपरा पुन्हा माझ्याच खड्ड्यात टाकला.